पदार्थांचे प्रकार व त्यांच्या गुणधर्मांची परिभाषा : भंडारा जिल्ह्यातील पदार्थांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पदार्थाचे गुणधर्म सांगताना व्यवहारात ‘मजबूत’, ‘कडक’, ‘टिकाऊ’ असे शब्द सैलपणे वापरले जातात. विज्ञानात मात्र काठिण्य, बल, दृढता, तन्यता, चिवटपणा या संज्ञा स्वतंत्र असून त्यांतील एक गुण वाढला म्हणजे दुसरा वाढतोच असे नाही. भंडारा जिल्ह्यात पितळ, पोलाद, मँगनीज, कायनाइट, कोसा आणि बांबू असे भिन्न प्रकृतीचे पदार्थ आढळतात अथवा तयार होतात. या पदार्थांच्या आधारे प्रमुख संज्ञांचे अर्थ व त्यांतील भेद प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहेत.

बीजसंज्ञा : पदार्थविज्ञान, परिभाषा, काठिण्य, चिवटपणा, मिश्रधातू, उच्चतापसह पदार्थ, भंडारा जिल्हा

प्रस्तावना

मराठीतून विज्ञान शिकविताना अनेकदा असे दिसून येते की, विद्यार्थ्यास संज्ञा पाठ असते, परंतु तिचा शेजारच्या संज्ञेशी असलेला भेद त्याला सांगता येत नाही. ‘काच मजबूत आहे की ठिसूळ?’ या साध्या प्रश्नावर वर्गात दोन तट पडतात, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे काही अंशी बरोबर असते. काच सहज ओरखडत नाही, म्हणून ती कठीण आहे. आणि आघाताने ती फुटते, म्हणून ती ठिसूळ आहे. हे दोन गुण परस्परविरोधी नाहीत. वाद निर्माण होतो तो ‘मजबूत’ या एका शब्दाने दोन्ही गुण झाकले जात असल्यामुळे.

मराठी परिभाषेची उणीव हे यामागील कारण नव्हे. इ. स. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशातही धातुविज्ञानाच्या संज्ञा विस्ताराने आल्या आहेत. उणीव आहे ती या संज्ञांना परिचयाच्या वस्तूंशी जोडण्याची. या दृष्टीने भंडारा जिल्हा हे एक उत्तम उदाहरण आहे. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. ‘भाणारा’ या त्याच्या जुन्या नावाचा संबंध लोकपरंपरेत भाणे, म्हणजे ताट, या शब्दाशी लावला जातो. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. वरठी येथे पोलादाचा, तर गडेगाव येथे मोटारवाहनांचा कारखाना आहे. साकोली-लाखनी परिसरात कायनाइट व सिलिमनाइट ही खनिजे सापडतात, आणि मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते.

पदार्थांचे वर्गीकरण

‘पदार्थ’ या शब्दाचे मराठीत अनेक अर्थ आहेत. स्वयंपाकघरात तो खाद्यवस्तूसाठी, तर तत्त्वज्ञानात ज्ञेय वस्तूसाठी वापरला जातो. प्रस्तुत लेखात ‘ज्यापासून वस्तू घडविली जाते ते द्रव्य’ एवढ्याच अर्थाने तो योजला आहे. हा अर्थ स्वीकारला की वस्तूचा गुण आणि पदार्थाचा गुण यांतील भेदही स्पष्ट होतो. हंड्याचे वजन हा वस्तूचा गुण होय. पितळेची घनता हा पदार्थाचा गुण होय. पत्रा जाड घेतल्यास हंडा सहजी पोचणार नाही, परंतु त्यामुळे पितळेच्या गुणधर्मांत काहीही बदल होत नाही.

अभियांत्रिकी उपयोगाच्या पदार्थांचे सामान्यतः चार वर्ग केले जातात.

पहिला वर्ग धातू व मिश्रधातूंचा. तांबे, जस्त, लोह हे धातू, तर पितळ, कांसे व पोलाद हे मिश्रधातू होत. त्यांच्यातील मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे उष्णता व वीज यांचे वहन चांगले होते, आणि अणूंचे थर एकमेकांवरून सरकू शकत असल्यामुळे त्यांना ठोकून अथवा ओढून आकार देता येतो.

दुसरा वर्ग सिरॅमिक पदार्थांचा. विटा, कौले, चिनी माती, काच आणि भट्टीच्या अस्तराच्या उच्चतापसह विटा यांत येतात. हे पदार्थ कठीण असतात, उष्णता सहन करतात, परंतु ठिसूळ असतात.

तिसरा वर्ग बहुवारिकांचा. लहान रेणूंच्या लांबच लांब साखळ्या हे त्यांचे लक्षण. पॉलिथिलीन व नायलॉन ही कृत्रिम, तर कापूस, रबर व रेशीम ही नैसर्गिक बहुवारिके होत. कोशाचा धागा हा फायब्रॉइन या प्रथिनाचा असतो.

चौथा वर्ग संमिश्र पदार्थांचा. दोन भिन्न पदार्थ एकत्र येऊन, पण आपापले अस्तित्व राखून, जो पदार्थ बनवितात तो संमिश्र. लोखंडी सळया घातलेले काँक्रीट हा मानवनिर्मित, तर बांबू हा निसर्गनिर्मित संमिश्र पदार्थ आहे.

यांत्रिक गुणधर्म : संज्ञा व त्यांतील भेद

पदार्थावर बाहेरून बल लावले असता त्याच्या आत, एकक क्षेत्रफळावर, जे विरोधी बल निर्माण होते त्यास प्रतिबल म्हणतात. त्यामुळे आकारात जो सापेक्ष बदल घडतो ती विकृती. व्यवहारात ‘विकृती’ म्हणजे दोष असा अर्थ रूढ असल्यामुळे विद्यार्थी अडखळतात. येथे मात्र पदार्थात दोष निर्माण झाल्याचे सूचित होत नाही. प्रत्येक भार वाहणाऱ्या वस्तूत थोडी तरी विकृती असतेच. पुढील सर्व संज्ञांचा अर्थ या दोन राशींच्या संबंधातून निश्चित होतो.

स्थितिस्थापकता आणि दृढता : भार काढताच मूळ आकार परत धारण करण्याचा गुण म्हणजे स्थितिस्थापकता. याउलट, भार काढल्यावरही नवा आकार टिकून राहणे म्हणजे आकार्यता. स्थितिस्थापक म्हटले की रबर आठवते. परंतु विकृतीस होणारा विरोध मोजावयाचा झाल्यास पोलाद रबरापेक्षा कितीतरी पुढे आहे. या विरोधास दृढता म्हणावे आणि तिचे माप यंगच्या गुणांकाने द्यावे. हा गुणांक पोलादासाठी सुमारे २०० आणि पितळेसाठी सुमारे ११० गिगापास्कल असतो. रबर पुष्कळ ताणले जाऊन परत येते, पण ताणले जाण्यास विरोध फारसा करीत नाही. ‘किती ताणले जाते’ आणि ‘ताणण्यास किती बल लागते’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की हा गोंधळ राहत नाही.

बल : तुटेपर्यंत अथवा कायमचा आकार बदलेपर्यंत पदार्थ जे प्रतिबल सहन करतो ते त्याचे बल. ताण देऊन मोजल्यास ताणबल आणि दाब देऊन मोजल्यास संपीडन बल असे म्हणतात. मराठीत ‘बल’ हाच शब्द न्यूटनमध्ये मोजल्या जाणाऱ्या राशीसाठीही वापरला जात असल्यामुळे, येथे अभिप्रेत असलेली राशी एकक क्षेत्रफळावरील आहे, हे प्रत्येक वेळी सांगणे आवश्यक ठरते. ताण व दाब यांतील भेदही महत्त्वाचा आहे. काँक्रीटचे ताणबल त्याच्या संपीडन बलाच्या साधारणपणे एक-दशांश असते. म्हणूनच तुळईच्या ज्या भागात ताण येतो तेथे पोलादी सळया घालाव्या लागतात.

काठिण्य : पृष्ठभागावर ओरखडा अथवा खळगा पडण्यास होणारा विरोध म्हणजे काठिण्य. खनिजांसाठी फ्रीड्रिख मोज यांनी १८१२ मध्ये दहा खनिजांची श्रेणी सुचविली. धातूंसाठी ब्रिनेल यांनी १९०० मध्ये पोलादी गोळी दाबून खळग्यावरून काठिण्य काढण्याची पद्धत मांडली. पहिली पद्धत केवळ क्रम सांगते, दुसरी संख्या देते. मोज श्रेणीतील दहाव्या क्रमांकाचा हिरा नवव्या क्रमांकाच्या कुरुविंदापेक्षा ‘एकाने’ कठीण आहे, असे म्हणणे त्यामुळे अर्थहीन ठरते.

तन्यता आणि वर्धनीयता : धातूची तार ओढता येणे ही तन्यता आणि पत्रा ठोकता येणे ही वर्धनीयता. पहिलीत पदार्थ ताण सहन करीत आकार बदलतो, दुसरीत दाब सहन करीत. शिसे ठोकून सहज पसरते, परंतु त्याची बारीक तार ओढणे अवघड जाते. यावरून या दोन गुणांना स्वतंत्र नावे का हवीत हे ध्यानात येईल.

चिवटपणा आणि ठिसूळपणा : मोडण्यापूर्वी पदार्थ किती ऊर्जा सामावून घेतो याचे माप म्हणजे चिवटपणा. आघाताने मोडण्यास लागणारी ऊर्जा मोजण्याची, शार्पी यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी १९०१ पासून प्रचारात आली. जो पदार्थ फारशी आकार्य विकृती न होता एकाएकी मोडतो तो ठिसूळ. चिवटपणासाठी बल व तन्यता या दोहोंची आवश्यकता असते. बोलीतील ‘चिवट’ हा शब्द या शास्त्रीय अर्थाच्या पुष्कळ जवळ आहे : जे सहज तुटत नाही, ताणले जाते पण दाद देत नाही, ते चिवट. येथे लोकभाषेने शास्त्राची वाट सुकर केली आहे.

शिणवटा : एकदाच आलेला भार सहन करणारा भाग, त्याहून पुष्कळ कमी भार लक्षावधी वेळा आला असता मोडू शकतो. यास शिणवटा म्हणतात. वाहनांच्या कमानी, आस व दंतचक्रे यांची रचना करताना केवळ ताणबल पाहून चालत नाही, ते या कारणाने.

या भेदांचे प्रात्यक्षिक वाहनाच्या एकाच भागात पाहावयास मिळते. अशोक लेलँडच्या गडेगाव येथील कारखान्यात गिअरबॉक्स तयार होतात. गिअरबॉक्समधील दंतचक्राचे दात सतत घासले जातात, म्हणून त्यांचा पृष्ठभाग कठीण हवा. आणि गिअर बदलताना त्यांना धक्का बसतो, म्हणून त्यांचा गाभा चिवट हवा. संपूर्ण दात कठीण केला तर तो तुटेल, संपूर्ण चिवट ठेवला तर तो झिजेल. यासाठी कमी कार्बनच्या पोलादाच्या केवळ बाह्य थरात कार्बन शिरवून तो थर कठीण करण्याची पद्धत दंतचक्रांसाठी सर्वत्र रूढ आहे. लक्षणीय गोष्ट अशी की, या प्रक्रियेने काठिण्य अनेक पटींनी वाढले तरी पोलादाची दृढता जवळजवळ तीच राहते. गावातील लोहार विळ्याला ‘पाणी देतो’ तेव्हा हाच विचार असतो. तापलेली धार पाण्यात बुडवून तो ती कठीण करतो, आणि मागच्या भागातील उष्णता धारेकडे परत येऊ देऊन तिचा ठिसूळपणा कमी करतो.

घटक, रचना आणि गुणधर्म

पदार्थात कोणते घटक आहेत एवढ्यावरून त्याचे गुणधर्म ठरत नाहीत. त्या घटकांची अंतर्गत रचनाही तितकीच निर्णायक असते. पितळ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. जस्ताचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत असल्यास तो थंड स्थितीत ठोकता येतो. त्याहून बरेच वाढल्यास तो अधिक कठीण होतो व गरम करूनच घडवावा लागतो. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या मऊ पितळेचे ताणबल सुमारे ३२५ मेगापास्कल असते आणि ती तुटण्यापूर्वी सुमारे ६० टक्क्यांनी लांब होते. हीच पितळ थंड स्थितीत ठोकून वा लाटून पुरेशी कठीण केली असता ताणबल सुमारे ५२५ मेगापास्कलपर्यंत चढते, परंतु लांबी वाढण्याची क्षमता ८ टक्क्यांच्या आसपास येते. घटक तेच, घनता तीच, दृढता जवळपास तीच. बदलली ती स्फटिकांची आतील स्थिती. कारागीर भांडे ठोकता ठोकता मध्येच भट्टीत तापवितो, ते पुन्हा मऊ व्हावे यासाठी. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. कारागिराच्या दृष्टीने ही हातोडीच्या बदलत्या आवाजावरून ठरणारी वेळ असते. शास्त्राच्या दृष्टीने ती स्फटिकांची नव्याने होणारी जुळणी असते.

अनुशीतनाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचा धडा ब्रिटिश काळातील भारतातच मिळाला. लष्कराच्या साठ्यातील पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप भेगा पडत. थंड घडणीमुळे पितळेत राहिलेले अंतर्गत प्रतिबल आणि तबेल्यांजवळील हवेतील अमोनिया यांचा हा एकत्रित परिणाम होता. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांच्या १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचे स्पष्टीकरण दिले. काडतुसाचे बल पुरेसे होते, काठिण्यही पुरेसे होते. तरीही ते निकामी झाले. यांत्रिक व रासायनिक गुणधर्मांचा विचार वेगवेगळा करून भागत नाही, हे यावरून सिद्ध होते.

तुमसर तालुक्यातील मँगनीजचे कार्यही या दृष्टीने अभ्यसनीय आहे. डोंगरी बुजुर्ग व चिखला या खाणी ‘मॉइल’ या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या असून तिची स्थापना १९६२ मध्ये झाली. पोलादात गंधक राहिल्यास लोह सल्फाइड तयार होते. लोहासह ते ९८८ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि तापलेले पोलाद लाटताना स्फटिकांच्या सीमांवरून तडकते. यास तप्त ठिसूळपणा म्हणता येईल. अल्प प्रमाणात मँगनीज मिसळल्यास गंधक त्याच्याशी संयोग पावते व हा दोष टळतो. मँगनीजचे प्रमाण १२ ते १४ टक्के आणि कार्बनचे सुमारे १.२ टक्के केल्यास मात्र वेगळाच पदार्थ निर्माण होतो. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेले हे पोलाद अतिशय चिवट असते, आणि आघात होतील तसतसा त्याचा पृष्ठभाग अधिक कठीण होत जातो. रेल्वेमार्गाच्या छेदस्थानी व दगड फोडण्याच्या यंत्रांत त्याचा वापर होतो. काठिण्य व चिवटपणा सहसा एकत्र नांदत नाहीत, या नियमाला मिळालेली ही मोठी बगल आहे.

दिशेनुसार बदलणारे गुणधर्म

गुणधर्म सांगताना दिशेचा उल्लेख वगळल्यास विधान अपुरे राहते. कायनाइट या खनिजाचे लांबट निळसर स्फटिक लांबीच्या दिशेने ओरखडल्यास त्याचे काठिण्य मोज श्रेणीत ४.५ ते ५, तर आडव्या दिशेने ६.५ ते ७ भरते. म्हणजे चाकूच्या टोकाने त्यावर उभा ओरखडा पडतो, आडवा पडत नाही. बांबूचेही असेच आहे. त्याचे तंतू लांबीच्या दिशेने असल्यामुळे त्या दिशेचे ताणबल मोठे असते, परंतु तंतूंना विलग करणारे बल लावले की तो सहज चिरतो. बुरूड कारागीर बांबूच्या याच ‘दुर्बलतेचा’ उपयोग करून कामट्या काढतो आणि त्याच्या सबलतेवर टोपली विणतो.

कायनाइट आणि सिलिमनाइट यांचे रासायनिक सूत्र एकच आहे. दोन्ही ॲल्युमिनियमची सिलिकेटे आहेत. भेद आहे तो अणूंच्या मांडणीचा. भट्टीच्या विटांसाठी कायनाइट वापरताना ते आधी भाजून घ्यावे लागते, कारण सुमारे ११०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे मुलाइटमध्ये रूपांतर होताना घनफळ १६ ते १८ टक्क्यांनी वाढते. सिलिमनाइटच्या बाबतीत ही वाढ बरीच कमी असते. अशा रीतीने ‘उच्चतापसह’ या संज्ञेत केवळ न वितळणे पुरेसे नाही, तर तापमान वाढत असताना आकार राखणे हेही अभिप्रेत आहे.

कोशाच्या धाग्याचा विचार याच क्रमात करता येतो. ऐन व अर्जुन या वृक्षांवर वाढणाऱ्या अळीच्या या रेशमात साखळीरेणू धाग्याच्या दिशेने लागलेले असतात. त्यांतील सुव्यवस्थित भाग बल देतात, तर अव्यवस्थित भाग ताणले जाऊन ऊर्जा सामावून घेतात. टसर धागा तुतीच्या रेशमापेक्षा अधिक ताणला जातो. ‘नाजूक’ म्हणून गणला जाणारा हा तंतू शास्त्रीय परिभाषेत चिवट ठरतो.

औष्णिक व रासायनिक गुणधर्म : पितळ आणि स्टेनलेस पोलाद

घराघरांतून पितळी भांडी मागे पडली व स्टेनलेस पोलादाची आली. या बदलाचे कारण बहुधा ‘स्टील मजबूत असते’ असे दिले जाते. ते अपुरे आहे. स्टेनलेस पोलादाची दृढता व बल जास्त असल्यामुळे भांड्याचा पत्रा पातळ ठेवता येतो व वजन कमी होते, हे खरे. परंतु स्वयंपाकघरातील निर्णायक भेद रासायनिक आहे. ताक, चिंच, आमसूल यांतील आम्लांची पितळेवर अभिक्रिया होऊन पदार्थ कळकतो. तो कळकू नये म्हणून भांड्याला आतून कथलाचा थर, म्हणजे कल्हई, द्यावी लागते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने ते साध्या भट्टीवर, नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ करून, सहज पसरविता येते. मात्र वापराने ते झिजते. स्टेनलेस पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. त्याच्या ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर ओरखडला तरी हवेच्या सान्निध्यात पुन्हा आपोआप तयार होतो. एका पदार्थाला संरक्षण बाहेरून द्यावे लागते, दुसऱ्याचे त्याच्या घटकांतूनच निर्माण होते.

इतर गुणधर्मांची तुलना केली असता चित्र बदलते. पितळेची उष्णतावाहकता नेहमीच्या स्टेनलेस पोलादाच्या सुमारे सातपट असते. त्यामुळे पितळी पातेल्यात उष्णता सर्वत्र सारखी पसरते, तर स्टेनलेस पोलादाचे पातेले ज्योतीवरच्या भागात करपते. पितळ ओतण्यास व कातण्यास सोपी असते, तिची नादमयता उत्तम असते आणि ती पुनःपुन्हा वितळवून वापरता येते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांबे व पितळेसह त्याच्या अनेक मिश्रधातूंची जिवाणुनाशक पृष्ठपदार्थ म्हणून नोंदणी केली. म्हणजे पितळ ‘कमी प्रतीची’ ठरलेली नाही. ती विशिष्ट उपयोगात, विशिष्ट गुणधर्मामुळे मागे पडली आहे. भंडाऱ्यातील पारंपरिक उद्योगाचा विचार करताना हा भेद केवळ पुस्तकी राहत नाही. कोणता गुण आड आला हे नेमके कळले, तर कोणत्या गुणाच्या बळावर नवी वस्तू घडविता येईल हेही सांगता येते. ‘पितळेचे दिवस गेले’ या सरसकट विधानातून असा कोणताही मार्ग निघत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना

वरील विवेचनावरून महाविद्यालयीन अध्यापनासाठी काही गोष्टी सुचविता येतात. पहिली, ‘मजबूत’ हा शब्द शास्त्रीय उत्तरात स्वीकारू नये. ओरखडा, ताण, दाब, आघात की पुनःपुन्हा येणारा भार, यांपैकी कशास विरोध अभिप्रेत आहे हे विद्यार्थ्याकडून वदवून घ्यावे. दुसरी, संज्ञा एकेकट्या न शिकविता जोड्यांनी शिकवाव्यात : काठिण्य व चिवटपणा, दृढता व बल, तन्यता व वर्धनीयता. तिसरी, प्रात्यक्षिकासाठी महाग उपकरणांची वाट पाहू नये. पितळेची पट्टी पुनःपुन्हा वाकवून ती कडक होत गेल्याचे अनुभवणे, तापवून ती पुन्हा मऊ करणे, बांबूची कामटी उभी व आडवी मोडून पाहणे, कोशाच्या धाग्याला वजने टांगून त्याची लांबी मोजणे, हे प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेत होण्यासारखे आहेत. चौथी, पितळ, लोखंड, बांबू व कोसा यांवर काम करणाऱ्या कारागिरांच्या तोंडचे, विशेषतः झाडीबोलीतील, गुणवाचक शब्द भाषा व विज्ञान या दोन्ही विभागांनी मिळून संकलित करावेत. काही शब्द शास्त्रीय संज्ञेशी जुळतील, काही जुळणार नाहीत. जेथे जुळत नाहीत तेथे कारागिराने टिपलेला एखादा सूक्ष्म भेद हाती लागण्याची शक्यता असते.

निष्कर्ष

पदार्थांचे गुणधर्म अनेक, परस्परांपासून स्वतंत्र आणि घटकांबरोबरच रचना, दिशा व परिस्थिती यांवर अवलंबून असतात. एका सैल शब्दात ते कोंबले की पदार्थाची निवड चुकते, बदलांची कारणे चुकीची दिली जातात आणि विद्यार्थ्याच्या हाती केवळ पाठांतर उरते. मराठीत या सर्व भेदांसाठी संज्ञा उपलब्ध आहेत. त्यांना अर्थ देणारे पदार्थ भंडारा जिल्ह्याच्या खाणींत, भट्ट्यांत, कारखान्यांत, मागांवर आणि घरांच्या फडताळांत आहेत. या दोहोंचा वर्गात मेळ घालणे हे अध्यापकाच्या आवाक्यातील कार्य आहे.